पारा आणि मृत्यूची नोंदवही

(नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्यावर बसलेल्या गर्दीतले 14 जण उन्हाने दगावले. जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशीचं कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास होतं. नागपूरचा माणूस म्हणेल, एप्रिलात 38 म्हणजे आमच्याकडे बरा दिवस! मला नेमकी इथूनच सुरुवात करायची आहे. गाव कुठलं, हवा किती दमट, माणूस सावलीत की उन्हात, किती तास, वय काय, हे ठरल्याशिवाय 38 ही फक्त पाऱ्याची उंची आहे.

भारतीय हवामान विभागाचे उष्णतेच्या लाटेचे निकष तुम्हाला पाठ असतील, तरी उजळणी करू. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान 40 अंश, किनाऱ्यावर 37, डोंगराळ भागात 30 व्हायला हवं. ते सरासरीहून 4.5 ते 6.4 अंशांनी वर गेलं की लाट, त्याहूनही वर गेलं की तीव्र लाट. सपाट प्रदेशात पारा थेट 45 ला पोचला तर सरासरी न पाहता लाट, 47 ला तीव्र लाट. शिवाय एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडावं लागतं, आणि लाट जाहीर होते ती दुसऱ्या दिवशी.

हवामानशास्त्र म्हणून यात काही खोट नाही. पण ही हवेची व्याख्या झाली, माणसाची नव्हे. चंद्रपुरात मे महिन्याची सरासरीच 42-43 च्या घरात असते. तिथे 44 अंशांचा दिवस सरासरीहून फार वर नाही आणि 45 ला टेकलेलाही नाही. म्हणजे व्याख्येप्रमाणे लाट नाही. पण पत्र्याच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला ही व्याख्या कोण समजावणार? हवामान खात्याचा अंदाज हा आपला कच्चा माल आहे. त्यातून आपल्या गावाचा इशारा आपणच घडवायचा असतो. त्यासाठी लागणारं मुख्य साधन तापमापक नव्हे, जन्ममृत्यू नोंदणी विभागातली मृत्यूची नोंदवही.

याचा आपल्याकडचा धडा अहमदाबादचा. 21 मे 2010 ला तिथे 46.8 अंश नोंदले गेले. त्या मे महिन्यात शहरात सर्व कारणांनी मिळून 4,462 मृत्यू झाले. आधीच्या-नंतरच्या वर्षांशी ताडून पाहिलं तर 3,118 अपेक्षित होते. म्हणजे 1,344 माणसं जास्तीची गेली, 43 टक्के वाढ. यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर उष्माघात हा शब्द नव्हता. हृदयविकार, मूत्रपिंड, श्वसन, वार्धक्य असंच लिहिलेलं होतं. उष्णता क्वचितच स्वतःच्या नावाने मारते. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला तो या हिशेबावर. शहराने इशाऱ्याचे स्वतःचे उंबरठे ठरवले: 41.1 पासून पिवळा, 43.1 पासून नारंगी, 45 पासून लाल. हे आकडे अहमदाबादचे आहेत. कित्येक गावांच्या आराखड्यांत ते जसेच्या तसे उतरवलेले दिसतात, आणि तिथेच आराखडा मेलेला असतो.

मग आपल्या गावाचा उंबरठा काढायचा कसा? निदान 8 ते 10 वर्षांचे, मार्च ते जून या महिन्यांतले रोजचे मृत्यू घ्या, सर्व कारणांचे. शेजारी त्या त्या दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मांडा. एकेका अंशाच्या टप्प्यात दिवस गोळा करा आणि प्रत्येक टप्प्यात रोजचे सरासरी मृत्यू किती ते पाहा. काही अंशांपर्यंत रेघ जवळपास सपाट जाते, मग वर वळते. ते वळण तुमचा पहिला उंबरठा. संगणकावर याच्या नेमक्या पद्धती आहेत, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभाग किंवा संख्याशास्त्राचा प्राध्यापक त्या करून देईल. पण पहिली रेघ तुम्ही हाताने काढलेली असावी, म्हणजे पुढचा कुणी चुकीचा आकडा तुमच्या गळ्यात मारणार नाही.

इथे ज्या चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. पहिली तारखेची. नोंदणीला 21 दिवसांची मुदत असते, त्यामुळे नोंदीची तारीख धरली तर लाट जूनमध्ये आल्यासारखी दिसते. मृत्यूची तारीखच धरा. दुसरी पत्त्याची. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतले रुग्ण मरतात आणि नोंद शहराची होते. निवासाचा पत्ता पाहून वेगळे काढा. तिसरी 2020 आणि 2021 ची. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे एप्रिल-मे 2021 चे आकडे हिशेबात राहिले तर साधारण ऊन असलेले दिवसही प्राणघातक दिसतील. ही दोन वर्षं सरळ वगळा. चौथी, उष्णतेचा परिणाम त्याच दिवशी संपतो असं मानण्याची. मृत्यू त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस वाढलेले राहतात, म्हणून तापमान तीन दिवस मागे सरकवूनही पाहावं लागतं.

पाचवी अडचण लहान गावांची, आणि ती चूक नाही, गणित आहे. पाच लाख वस्तीच्या शहरात रोज साधारण 9 मृत्यू होतात. हा आकडा नुसत्या योगायोगाने सहा ते बारा असा हलतो. त्यात उष्णतेचे दोन जास्त कुठून दिसणार? अशा वेळी सारखी हवा असलेली तीन-चार शहरं किंवा अख्खा जिल्हा एकत्र घ्या. नगरपालिकेच्या हद्दीचा अभिमान इथे बाजूला ठेवलेला बरा.

उंबरठा सापडला की लगेच दुसरी परीक्षा घ्या: हा आकडा गेल्या दहा उन्हाळ्यांत किती दिवस ओलांडला गेला? विदर्भात 42 ला नारंगी ठेवलात तर मे महिनाभर नारंगीच राहील, आणि रोजचा इशारा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. माझ्या मते नारंगी एका मोसमात आठ-दहा दिवसांहून जास्त नको, लाल दोन-चार दिवस. एक सूट मात्र द्यावी. मार्चअखेर-एप्रिलमधल्या पहिल्या लाटेला उंबरठा एक अंशाने खाली आणा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्याआधी आलेले 41 अंश मेमधल्या 43 ला भारी पडतात.

आता किमान तापमान. आपण सगळे दुपारकडे पाहतो, पण शरीर सावरतं ते रात्री. 2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं गेली. त्यानंतर 2004 मध्ये त्यांनी केलेल्या योजनेत इशारा एका दिवसाच्या कमाल तापमानावर ठेवला नाही. तीन दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी आणि तीन दिवसांच्या किमान तापमानाची सरासरी, दोन्ही उंबरठ्याच्या वर गेल्या तरच इशारा. पॅरिससाठी ते आकडे 31 आणि 21. हसू नका. तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली नाहीत आणि कित्येक म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर एकटी राहतात. पॅरिसच्या 31 अंशांना आपण हसतो तसं नागपूरकरांनी खारघरच्या 38 ला हसायचं का? आपला हवामान विभागही उष्ण रात्रीचा इशारा देतो: कमाल 40 किंवा वर आणि किमान सरासरीहून 4.5 ते 6.4 अंश जास्त. पत्रकात ती ओळ खाली असते, कुणी वाचत नाही. काँक्रीटचा स्लॅब आणि पत्रा असलेल्या वस्तीत लाल शाईने अधोरेखित करायची ती हीच ओळ.

आर्द्रतेबद्दल मात्र जरा थांबावं लागेल. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होतं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की जो आकडा येतो, तो ओल्या फुग्याचं तापमान. घाम वाळून शरीर कितपत थंड होऊ शकेल, त्याचा अंदाज यावरून येतो. हिशेब करून पाहा. नागपुरात 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या फुग्याचं तापमान येतं सुमारे 24. मुंबईत 35 अंश आणि 65 टक्के असेल तर येतं 29 च्या वर. दहा अंशांनी कमी पारा, आणि घाम वाळायला जास्त अडथळा. म्हणून राज्यभर एकच संदेश पाठवणं हा शुद्ध आळस आहे. वाळ्याचा कूलर नागपूर-अकोल्यात जीव वाचवतो. मुंबई-रत्नागिरीत तो खोलीतला दमटपणा वाढवतो. पंख्याचंही तेच. हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम वारा मारतो. कोरड्या गावात अंग ओलं करून मग पंख्याखाली बसायचं, हे वाक्य संदेशात हवंच.

एक आवश्यक आडवळण. 29 मे 2024 ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. तपासणीत तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच दिवसांत नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले, तोही बिघाडच. देशाचा मान्य उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, मे 2016 मधला 51. तेव्हा कुठल्याही एका यंत्राच्या आकड्यावर लाल इशारा चढवू नका. शेजारची दोन केंद्रं पाहा. फरक तीन अंशांहून जास्त असेल तर प्रादेशिक हवामान केंद्राला फोन करा. एकदा खोटा ठरलेला लाल रंग पुन्हा खरा वाटायला दोन उन्हाळे जातात.

आता इशारा पोचवण्याची साखळी. हवामान विभागाचं उष्णतेचं मुख्य पत्रक दुपारी चारच्या सुमारास येतं, पुढच्या पाच दिवसांचं. खरी परीक्षा तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतच्या अठरा तासांची. चारला आलेली पीडीएफ व्हॉट्सअॅप समूहावर पुढे ढकलली, खाली चार अंगठे आले, आणि सगळ्यांना वाटलं इशारा दिला गेला. शनिवारी तर तेवढंही होत नाही. म्हणून नोडल अधिकारी एक आणि त्याचा बदली माणूस एक, दोघांची नावं आणि फोन नंबर फेब्रुवारीतच कागदावर हवेत. साडेचारपर्यंत रंग ठरला पाहिजे. तो आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या सहीसाठी थांबता कामा नये: आकडा ओलांडला की रंग आपोआप, सही नंतर. पाचपर्यंत वीज, पाणी, परिवहन, बांधकाम, शिक्षण आणि रुग्णालय इथे फोन. फोनच, संदेश नव्हे, आणि पलीकडच्याने काय करणार ते सांगितलं की वहीत वेळ टाकायची.

प्रत्येक रंगाला एक काम बांधलेलं हवं, नाहीतर रंग म्हणजे रांगोळी. नारंगी लागला की वीज कंपनीने देखभालीसाठीचा नियोजित वीजबंद पुढे ढकलायचा. फिलाडेल्फियात 1995 पासून चालू असलेल्या यंत्रणेत इशाऱ्याच्या काळात बिल थकलं तरी वीज-पाणी तोडत नाहीत, आणि गल्लीतल्या ओळखीच्या माणसांमार्फत एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस होते. पहिल्या चार उन्हाळ्यांत त्या यंत्रणेने 117 जीव वाचवले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नारंगीलाच पाण्याचे टँकर सकाळी आठच्या आत, बागा दुपारीही उघड्या, मैदानावरचे कार्यक्रम रद्द किंवा संध्याकाळी सहानंतर. लाल लागला की उघड्यावरची कामं अकरा ते चार बंद. हे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. मे 2024 मध्ये अकोल्यात जमावबंदीचं कलम वापरून कामाच्या ठिकाणी पाणी-सावली आणि शिकवण्यांच्या वेळा यांबद्दल आदेश काढले गेले, हे लक्षात असू द्या.

मजुराला "दुपारी घराबाहेर पडू नका" सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. सांगायचं ते मुकादमाला, आणि आकड्यांत: दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागो न लागो, पण तासाला दीड लिटरहून जास्त नाही. नवा माणूस किंवा आठवडाभर सुटीवरून आलेला माणूस पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच करेल, मग रोज पाचवा हिस्सा वाढवायचा. उष्माघात झालेल्या मजुरांत पहिल्या चार-पाच दिवसांतले नवखे बरेच असतात. घरी करायचं पाणी असेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक आणि पन्हं चांगलंच. खिशातल्या कांद्याने काही होत नाही, पण त्यावर भांडणात वेळ घालवू नका, कांद्यासोबत पाण्याची बाटली द्या.

आशाताईंची यादी हा साखळीतला सर्वांत मजबूत आणि सर्वांत गैरवापर झालेला दुवा. हजार वस्तीमागे एक आशा. तिला साठ घरांची यादी दिलीत तर ती एकही घर नीट पाहणार नाही. पंधरा नावं पुरेत: एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणावरचे, मनोविकारावर औषधं घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, महिन्याच्या आतली बाळं. भेट सकाळी दहाच्या आत, दुपारी फक्त फोन. तिलाच उन्हात पाठवून उष्णतेचा इशारा द्यायचा, हा विनोद बंद व्हावा. आणि संदेश असा: "उद्या-परवा रात्रीही उकाडा राहील. शेजारी एकटं कुणी राहत असेल तर सकाळ-संध्याकाळ डोकावून या. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं दिसलं तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा." यात अंश सेल्सिअस हा शब्दच नाही.

रुग्णालयाबद्दल. शरीराच्या आतलं तापमान 40 अंश किंवा त्याच्या वर आणि मेंदूवर परिणाम, म्हणजे उष्माघात. घाम आटलेलाच असेल असं नाही, मेहनत करणाऱ्या तरुणाचं अंग घामाने निथळत असू शकतं. "कातडी कोरडी नाही, म्हणजे उष्माघात नाही" या समजुतीने माणसं गेली आहेत. काखेतला तापमापक फसवतो, गुदद्वारातून मोजायला हवं. तसा तापमापक तुमच्या उष्माघात कक्षात आहे का, हे आज जाऊन बघा. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी, कारण हा ताप नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. अर्ध्या तासात तापमान 39 पर्यंत खाली आणायचं, आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. टब नसेल तर ताडपत्री: चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, मधे रुग्ण, त्यात शे-दीडशे लिटर बर्फाचं पाणी घालून हलवत राहायचं, डोकं पाण्याबाहेर. 39 ला आलं की थांबा, नाहीतर तापमान घसरत जातं. कोरड्या गावात अंग भिजवून पंखा लावणंही चालतं. दमट किनाऱ्यावर मात्र ओला फुगा आडवा येतो, तिथे बर्फच लागतो. तो लसीच्या फ्रीजमधून काढायचा नाही. गावातल्या बर्फाच्या कारखान्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा, रात्रीचा फोन नंबर घ्या. आणि कक्ष कुठल्या मजल्यावर आहे तेही पाहा. अहमदाबादच्या एका पालिका रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापत्या छताखाली होता. तो खाली आणल्यावर उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं कमी झाली. खर्च काय, खाटा हलवण्याचा.

हे सगळं केल्यावर उपयोग झाला का, हे कसं कळणार? केंद्र सरकारच्या आरोग्य माहिती मंचावर आपण मार्चपासून उष्माघाताचे रुग्ण भरतो ते आवश्यकच आहे, पण तो आकडा हिमनगाचं टोक, आणि तो उलटाही फसवतो. डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं की पहिल्या वर्षी नोंदी वाढतात, आणि बैठकीत विचारलं जातं, आराखडा केल्यावर रुग्ण वाढले कसे? त्यामुळे पुन्हा नोंदवहीकडे. मे महिन्याच्या नोंदी 21 दिवसांची मुदत आणि थोडी दिरंगाई धरून जुलैत पूर्ण होतात. तेव्हा लाटेच्या दिवसांतले एकूण मृत्यू त्याच तापमानाच्या जुन्या दिवसांशी ताडा. अहमदाबादेत अशा तुलनेतून वर्षाला सरासरी 1,190 मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. ही तुलना आहे, डोकी मोजलेली नाहीत, आणि श्रेय सगळं आराखड्याचं असंही नाही. घरी झालेले मृत्यू आणि रुग्णालयातले मृत्यू वेगळे मांडा. रुग्णालयातले घटले आणि घरचे तसेच राहिले, तर बर्फ पोचला, आशाताई पोचली नाही.

आणि उंबरठा कायमचा नसतो. छतं बदलतात, झाडं जातात, कूलर येतात, वस्तीचं वय वाढतं. कार्यालयातल्या तक्त्यावर "नारंगी: 43" असं लिहाल तेव्हा शेजारी वर्षं लिहा, कुठल्या उन्हाळ्यांच्या नोंदींवरून तो आकडा काढलाय ते.